पबजीच्या लेखात तीच चूक पुन्हा पुन्हा येते? आधी हे तपासा

विकिपीडियावर एखाद्या व्हिडिओ गेमच्या लेखातली तारीख दुरुस्त करावी, संदर्भ जोडावा, आणि पंधरा दिवसांनी पाहावं तर ये रे माझ्या मागल्या. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही विकिपीडियांवर मी गेमचे लेख सांभाळतो आणि हा एकच बिघाड वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे. परत परत येणारी चूक क्वचितच खोडसाळपणातून येते, हे एव्हाना पक्कं झालं आहे. ती घालणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिक असतो, त्याच्या हातात एखादी बातमीही असते. लेखातलं वाक्यच इतकं अर्धवट असतं की ते वाचून कुणालाही हात घालावासा वाटतो. तो अर्धवटपणा शोधून भरला की चूक थांबते. नुसता शब्द बदलला तर ती परत येते.

उदाहरणासाठी सगळीकडे पबजी घेतो. भारतात या खेळाने जेवढे चढउतार पाहिले तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या खेळाने पाहिले असतील, आणि त्यातला प्रत्येक चढउतार लेखात कुठे ना कुठे चुकीचा नोंदवला जातो. बाकी खेळांची नावं गरजेपुरती येतील.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी खालच्या तपासण्या कराव्यात.

- प्रकाशनाची तारीख ठरावीक दोन-तीन तारखांमध्येच फिरत राहते. पबजीत मार्च २०१७, डिसेंबर २०१७ आणि मार्च २०१८.
- ‘भारतात बंदी आहे’ आणि ‘बंदी उठली आहे’ ही वाक्यं आळीपाळीने येतात.
- खपाचा आकडा एकदम दहापट वाढतो किंवा दहापट उतरतो.
- विकसकाच्या जागी अधूनमधून नव्या मालक कंपनीचं नाव येतं.
- तुम्ही लेखात बदल करता, पण उजवीकडच्या माहितीचौकटीत जुनंच दिसत राहतं. किंवा ती ओळ संपादनाच्या खिडकीत सापडतच नाही.
- वाक्याला संदर्भ आहे, पण उघडल्यावर पान सापडत नाही. किंवा पान सापडतं आणि त्यात ती गोष्टच नसते.

आता तपासण्या. सगळ्यात सोपी आणि बिनखर्चाची आधी. क्रम सोडू नका, कारण पहिल्या तीन तपासण्यांतच बरीचशी प्रकरणं मिटतात आणि पुढचा तासाभराचा शोध वाचतो.

१. हा लेख नेमका कुठल्या खेळाचा आहे?

शीर्षक आणि पहिलं वाक्य वाचा. एवढंच.

आपल्याकडे लोक ‘पबजी’ म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या मनात मोबाइलवरचा खेळ असतो. पण मूळ ‘प्लेयरअननोन्स बॅटलग्राउंड्स’ हा संगणकावरचा खेळ. तो २३ मार्च २०१७ रोजी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात, अपुरा असतानाच विक्रीला ठेवण्याच्या पद्धतीत म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. पुढे त्याचं नाव ‘पबजी: बॅटलग्राउंड्स’ झालं. ‘पबजी मोबाइल’ हा टेन्सेंट या चिनी कंपनीच्या स्टुडिओने बनवलेला वेगळा खेळ, जगभरात मार्च २०१८ मध्ये आलेला. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे बीजीएमआय हा पबजीची मालक कोरियन कंपनी क्राफ्टॉनने भारतासाठी २ जुलै २०२१ रोजी अँड्रॉइडवर आणलेला तिसरा. शिवाय ‘पबजी मोबाइल लाइट’ आहे, ‘न्यू स्टेट’ आहे.

एकाच लेखात हे सगळे कोंबले असतील तर प्रत्येक वाचक आपल्या ओळखीच्या खेळाची तारीख तिथे घालणार, आणि आपल्यापुरता तो बरोबरच असणार. अशा लेखात तारीख कितीही वेळा बदला, ती टिकणार नाही. पहिल्या वाक्यात ‘हा लेख संगणक आणि कन्सोलवरच्या खेळाविषयी आहे’ हे स्पष्ट येऊ द्या. मोबाइलच्या खेळांचे स्वतंत्र लेख असतील तर वरच तिकडचे दुवे द्या, नसतील तर निदान स्वतंत्र विभाग करा. ‘पबजी’ असं शोधणारा वाचक कुठे पोहोचतो, म्हणजे पुनर्निर्देशन कुठल्या पानावर जातं, हेही पाहून घ्या.

२. इतिहास उघडा

लेखाच्या वर ‘इतिहास पहा’ आहे. तो न बघताच लोक दुरुस्तीला लागतात. दोन आवृत्त्या निवडून फरक पाहिला की चूक कधी आली, कुणी घातली आणि आढाव्यात, म्हणजे बदलासोबतच्या छोट्या टिपेत, काय कारण दिलं, हे मिनिटभरात कळतं.

इथे एकच प्रश्न विचारा: चूक करणारा एकच सदस्य आहे, की वेगवेगळे लोक तीच चूक करत आहेत? एकच असेल तर त्याच्या चर्चा पानावर सौजन्याने लिहा, संदर्भ दाखवा. बहुतेक वेळा काम तिथेच होतं. वेगवेगळे असतील तर दोष वाक्यात आहे, माणसांत नाही, आणि पुढच्या तपासण्या त्यासाठीच आहेत.

इतिहास बघताना अधल्यामधल्या संपादनांकडेही लक्ष द्या. शेवटचं एक संपादन उलटवून, म्हणजे रद्द करून, तुम्ही समाधानी होता, पण चूक त्याआधीच्या तीन संपादनांत विखुरलेली असते. अशा वेळी उलटवण्यापेक्षा शेवटच्या चांगल्या आवृत्तीशी फरक लावून ओळीओळीने दुरुस्ती करा, म्हणजे मधल्या काळात कुणी शुद्धलेखन सुधारलं असेल, चांगला संदर्भ जोडला असेल, तर ते वाया जाणार नाही.

३. माहितीचौकट कुठून भरते?

‘लेखात बदललं, पण दिसत नाही’ ही तक्रार नवीन संपादकांकडून सगळ्यात जास्त येते. कारण साधं आहे. अनेक लेखांतल्या माहितीचौकटी विकिडाटावरून, म्हणजे सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्यावरून, आपोआप भरतात. संपादनाच्या खिडकीत फक्त साच्याचं (अनेक लेखांत वापरता येणाऱ्या तयार आराखड्याचं) नाव असतं आणि तारीख, विकसक, प्रकाशक हे सगळं तिकडून येतं. लेखात कितीही शोधलं तरी ती ओळ सापडायची नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी साच्याच्या आत ती तारीख हाताने लिहिलेली आहे का ते बघा. असेल तर तिथेच दुरुस्त करा. नसेल तर बाजूच्या साधनांच्या यादीतून लेखाची विकिडाटावरची नोंद उघडा. तिथे दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली म्हणजे लेख योग्य नोंदीला जोडलेला आहे का. मोबाइलच्या खेळाचा लेख संगणकाच्या खेळाच्या नोंदीला जोडला गेला असेल तर चौकट कायम चुकीचंच दाखवणार. दुसरी, नोंदीत एकापेक्षा जास्त तारखा असतील तर प्रत्येकीला ‘कुठल्या यंत्रावर’ आणि ‘कुठल्या प्रदेशात’ हे विशेषण लावलेलं आहे का. विकिडाटावर एखाद्या मूल्याला प्राधान्याचा दर्जा देता येतो. तो योग्य तारखेला दिला की साधारणपणे चौकटीत तीच येते. खऱ्या तारखा पुसू नका. त्या बाकीच्या भाषांमधल्या लेखांनाही लागतात, आणि तुमचा एक बदल एकाच वेळी अनेक भाषांत उमटतो. म्हणून विकिडाटावर संदर्भाशिवाय काहीही बदलू नये.

बदल केल्यावरही जुनंच दिसलं तर घाबरू नका, पानाची साठवलेली प्रत दिसत असते. लेखाचं संपादन उघडून काहीही न बदलता ‘बदल प्रकाशित करा’ दाबा. इतिहासात नोंद होत नाही, पान मात्र नव्याने तयार होतं.

४. संदर्भ उघडा आणि वाचा

संदर्भाचा आकडा दिसतो म्हणून वाक्य खरं मानू नका. दुवा उघडा, ते वाक्य शोधा, आजूबाजूचा परिच्छेद वाचा. तिथे नेमकं तेच म्हटलं आहे का?

होतं असं की, वाक्य आणि संदर्भ एकाच वेळी आलेले नसतात. मूळ संपादकाने बरोबर वाक्य आणि बरोबर संदर्भ दिलेला असतो. नंतर कुणी वाक्यातला आकडा बदलतो, संदर्भ तसाच राहतो. आता चुकीच्या आकड्याला जुन्या बातमीचा आधार मिळालेला दिसतो. हे ओळखायला इतिहासाखेरीज दुसरा मार्ग नाही.

गेमच्या बातम्यांची संकेतस्थळं भराभर बंद पडतात, हीसुद्धा मोठी अडचण आहे. जॉयस्टिक २०१५ मध्ये बंद झालं. गामासूत्रा २०२१ मध्ये नाव बदलून गेम डेव्हलपर झालं. गेम इन्फॉर्मर ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं आणि त्यासोबत त्याच्या संकेतस्थळावरचे लेखही दिसेनासे झाले. पुढे २०२५ मध्ये ते परत सुरू झालं, पण मधल्या काळात हजारो संदर्भ लटकले होते. दुवा मेला म्हणून वाक्य काढून टाकणं चूक आहे. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तो पत्ता टाका, जुनी प्रत मिळाली तर संदर्भात तिचा दुवा आणि साठवल्याची तारीख जोडा. नवीन संदर्भ जोडताना तो त्याच वेळी साठवून ठेवण्याची सवय लावून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. संदर्भाचं शीर्षक छान दिसतं, वृत्तपत्राचं नाव ओळखीचं असतं, तारीखही असते, पण असा लेख कधी छापलाच गेलेला नसतो. चॅटबॉटकडून लिहून घेतलेला परिच्छेद न तपासता चिकटवला की असं होतं. एक खोटा संदर्भ सापडला तर त्या संपादनातले सगळेच संदर्भ एकेक करून उघडा.

५. वाक्याला काळ, जागा आणि यंत्र आहे का?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी. इथे वेळ द्या.

‘पबजीवर भारतात बंदी आहे.’ या चार शब्दांच्या वाक्यात तीन भोकं आहेत: कुठला पबजी, केव्हापासून, आणि आज काय स्थिती. प्रत्येक भोकातून एक वेगळी चूक आत येते. खरा घटनाक्रम असा आहे.

मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी स्थानिक आदेश काढून या खेळाला मनाई केली, काही तरुणांना अटकही झाली. तो एका शहरापुरता आदेश होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेपाळने देशभर बंदी घातली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच ती थांबवली. ‘भारतात २०१९ पासून बंदी’ असं लिहिणाऱ्याच्या हातात यातलीच एखादी बातमी असते.

देशव्यापी बंदी आली २ सप्टेंबर २०२० रोजी. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ११८ अ‍ॅप रोखली, त्यांत पबजी मोबाइल आणि पबजी मोबाइल लाइट होते. संगणकावरचा पबजी त्या यादीत नव्हता. त्यानंतर क्राफ्टॉनचीच उपकंपनी असलेल्या पबजी कॉर्पोरेशनने भारतातले मोबाइल प्रकाशनाचे हक्क टेन्सेंटकडून काढून घेतले, आणि ३० ऑक्टोबर २०२० रोजी पबजी मोबाइलची भारतातली सेवा पूर्ण थांबली. म्हणजे बंदीची तारीख एक आणि खेळ प्रत्यक्ष बंद पडल्याची तारीख दुसरी. या दोन तारखांवरूनही लेखात ओढाताण होते, आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

मग २०२१ मध्ये बीजीएमआय आला. ‘बंदी उठली’ असं लिहिणारे इथे येतात, पण पबजी मोबाइलवरची बंदी तेव्हा उठलेली नव्हती, वेगळ्या नावाचा खेळ वेगळ्या प्रकाशकाने आणला होता. २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआयसुद्धा गुगल आणि अ‍ॅपलच्या दुकानांतून काढला गेला. मे २०२३ मध्ये तो आधी तीन महिन्यांच्या चाचणीच्या परवानगीवर परत आला.

आता त्या चार शब्दांच्या जागी असं लिहून बघा: ‘सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅप भारतात रोखली. संगणकावरील आवृत्ती या आदेशात नव्हती. क्राफ्टॉनने जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय हा स्वतंत्र खेळ भारतासाठी आणला. तो जुलै २०२२ ते मे २०२३ या काळात अ‍ॅप दुकानांत उपलब्ध नव्हता.’ या वाक्यांत भूतकाळ आहे, तारखा आहेत, खेळाचं पूर्ण नाव आहे. उद्या काहीही घडलं तरी ही वाक्यं खोटी ठरणार नाहीत, फक्त पुढे एक वाक्य वाढेल. वर्तमानकाळातलं वाक्य मात्र बातमी बदलली की खोटं ठरतं आणि मग कुणीतरी ते घाईने बदलतं.

‘सध्या’, ‘नुकताच’, ‘लवकरच’, ‘आजही’ हे शब्द लेखात शोधा आणि प्रत्येकाच्या जागी महिना-वर्ष घाला. नुसतं एवढं केलं तरी लेख कितीतरी शांत होतो.

६. ‘प्रकाशित’ म्हणजे नेमकं काय?

पबजीच्या तीन तारखांपैकी मार्च २०१७ ही अर्ली अ‍ॅक्सेसची, म्हणजे खेळ अपुरा असतानाच विकायला ठेवल्याची. डिसेंबर २०१७ ही संगणकावर पूर्ण आवृत्ती आल्याची. मार्च २०१८ मोबाइलची. तिन्ही खऱ्या, फक्त गोष्टी वेगवेगळ्या. डिसेंबरातही काही ठिकाणी २० आणि काही ठिकाणी २१ तारीख दिसते. जगभर एकाच क्षणी खेळ उघडला की अमेरिकेत एक तारीख असते आणि कोरियात दुसरी, त्यामुळे एका दिवसाच्या फरकावरून कुणाला खोटं ठरवू नका. कुठल्या प्रदेशाची तारीख हे लिहिलं की भांडण संपतं.

चौकटीत पूर्ण आवृत्तीची तारीख द्यावी आणि अर्ली अ‍ॅक्सेसचा उल्लेख लेखाच्या मजकुरात करावा, ही पद्धत बरी. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, पण पूर्ण खेळ संगणकावर ३ ऑगस्ट २०२३ रोजी, प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबरमध्ये आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. यंत्रांची नावं न देता यातली एकच तारीख लिहिली तर बाकीच्या दोन मागून येणारच. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ घ्या. ऑगस्ट २०२० मध्ये तो फक्त निन्टेन्डो स्विचवर आला, बाकी यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये. ज्याने तो स्विचवर खेळला त्याला ऑगस्ट आठवणार, ज्याने संगणकावर खेळला त्याला ऑक्टोबर.

न आलेल्या खेळाच्या तारखेबाबत नियम कडक ठेवा: कंपनीची घोषणा कधीची आणि त्यात काय म्हटलं, एवढंच लिहायचं. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ आधी २०२५ च्या शरद ऋतूत येणार होता. मे २०२५ मध्ये २६ मे २०२६ ही तारीख दिली गेली, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बदलून १९ नोव्हेंबर २०२६ झाली. ‘घोषित तारीख’ असा शब्द लेखात असेल तर असा प्रत्येक बदल सहज सामावतो. दुकानदारांच्या संकेतस्थळांवर ३१ डिसेंबर अशी जागा धरून ठेवलेली तारीख असते, ती कधीही घेऊ नका.

७. आकडे

इथे दोन वेगळे बिघाड एकत्र आलेले असतात.

एक म्हणजे मिलियनचं लाख-कोटीत रूपांतर. इंग्रजी बातमीत ७० मिलियन असतं, मराठीत कुणी ७० लाख लिहितं, कुणी ७० कोटी. बरोबर उत्तर ७ कोटी. दहा लाख म्हणजे एक मिलियन, दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. मराठी लेखांत आकडा दहापट चढलेला किंवा उतरलेला दिसला की मी सर्वात आधी हेच गणित करून बघतो आणि बहुतेक वेळा तिथेच दोष सापडतो. दुरुस्त केल्यावर संपादनाच्या मजकुरात वाचकाला न दिसणारी टीप ठेवा: ‘मूळ बातमीत ७० मिलियन, म्हणजे ७ कोटी’. पुढचा संपादक तिथे थबकतो.

दुसरा बिघाड जास्त चिवट. विकलेल्या प्रती, डाउनलोड, नोंदणी केलेले खेळाडू, एकाच वेळी खेळणारे, या चार वेगवेगळ्या मोजण्या आहेत. संगणक आणि कन्सोल मिळून पबजीच्या ७ कोटी प्रती विकल्या गेल्या, हा २०२० च्या मध्याचा आकडा. पबजी मोबाइलचे चीनबाहेर १०० कोटी डाउनलोड झाले, हा मार्च २०२१ चा. स्टीमवर एकाच वेळी ३२ लाखांहून अधिक लोक खेळत होते, हा जानेवारी २०१८ चा उच्चांक. हे तीन आकडे एकमेकांशी ताडून पाहताच येत नाहीत. मोबाइलचा खेळ फुकट असल्यामुळे त्याच्या ‘विकलेल्या प्रती’ असूच शकत नाहीत. मूळ पबजीही १२ जानेवारी २०२२ पासून मोफत झाला, तेव्हा त्यानंतरच्या आकड्यात खेळाडू आणि प्रती यांची सरमिसळ झाली नाही ना, हे जास्त बारकाईने पाहावं लागतं.

प्रत्येक आकड्याला तीन गोष्टी चिकटलेल्या हव्यात: काय मोजलं, केव्हापर्यंत, कुणी सांगितलं. कंपन्यांचे गुंतवणूकदारांसाठीचे अहवाल यासाठी चांगले, निन्टेन्डो आणि कॅपकॉम तर आपल्या सर्वाधिक खपाच्या खेळांची यादीच ठेवतात. ‘व्हीजीचार्ट्झ’ या संकेतस्थळाचे खपाचे अंदाज इंग्रजी विकिपीडियावर विश्वासार्ह मानले जात नाहीत, मराठीतही ते घेऊ नयेत. कंपनीने ‘पाठवलेल्या’ प्रती आणि ‘विकल्या गेलेल्या’ प्रती यांतही फरक असतो. बातमीत जो शब्द असेल तोच लिहा.

८. विकसक, मालक, गुण: झटपट

स्टुडिओ विकला गेला की उत्साहाने सगळ्या जुन्या खेळांच्या चौकटीत नवा मालक येतो. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड १३ ऑक्टोबर २०२३ रोजी घेतली म्हणून २००७ च्या खेळाचा प्रकाशक बदलत नाही. प्रकाशनाच्या वेळी जो होता तोच राहतो, मालकीचा बदल कंपनीच्या लेखात जातो.

समीक्षेच्या गुणांसोबत यंत्राचं नाव लिहा. ‘सायबरपंक २०७७’ ला समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर संगणकासाठी ८६ आणि प्लेस्टेशन ४ साठी ५७ गुण आहेत, दोन्ही एकाच खेळाचे. वाचकांनी दिलेले गुण घेऊ नका. ठरवून शेकडो शून्यं टाकण्याचे प्रकार होतात. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ वर तसा भडिमार झाल्यावर मेटाक्रिटिकने वाचकांच्या परीक्षणांसाठी खेळ आल्यानंतर काही तास थांबण्याची अट घातली.

९. माहिती स्वतःभोवती फिरत नाही ना?

ही तपासणी अवघड आहे, कारण वरवर सगळं बरोबर दिसतं. संदर्भ उघडतो, तारीख जुळते, पण त्या बातमीदाराने ती गोष्ट विकिपीडियावरूनच घेतलेली असते. विजेच्या टोस्टरचा शोध लावणारा म्हणून एक खोटं चरित्र इंग्रजी विकिपीडियावर २०१२ पासून दहा वर्षं टिकलं, आणि तेवढ्यात ते पुस्तकांत आणि वृत्तपत्रांत पोहोचलं. मग तीच पुस्तकं संदर्भ म्हणून दाखवता येऊ लागली.

तपासायचं असं: ही माहिती लेखात पहिल्यांदा कोणत्या दिवशी आली ते इतिहासातून काढा. तुमचा संदर्भ त्या दिवसानंतरचा असेल आणि त्याआधीचा एकही संदर्भ मिळत नसेल तर सावध व्हा. गुगलच्या उजवीकडच्या चौकटीतला मजकूर पुष्कळदा विकिपीडियावरूनच आलेला असतो, त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. फॅन्डम, मोबीगेम्स, आयएमडीबी यांवरची बरीचशी माहिती वाचकांनीच भरलेली असते. शोधाचा धागा म्हणून त्यांचा उपयोग करा, संदर्भ म्हणून नको.

कधीकधी शोधाच्या शेवटी उत्तरच नसतं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला हे पक्कं आहे, पण अमेरिकेत तो नेमका कधी आला याचा गेमच्या इतिहासाचे अभ्यासक जुनी कागदपत्रं धुंडाळूनही निर्विवाद निकाल लावू शकलेले नाहीत. अशा ठिकाणी एक तारीख निवडून ठोकू नका. स्रोतांत मतभेद आहेत असं लिहा आणि कोण काय म्हणतं ते द्या. तो मतभेद हीच तिथली अचूक माहिती आहे.

१०. चर्चा पान

वरचं सगळं केलं आणि तरीही कुणी बदलत असेल तर लेखाला हात लावणं थांबवा आणि चर्चा पानावर लिहा: वादाचं वाक्य, दोन्ही बाजूंचे संदर्भ, तुमचा प्रस्ताव. मग वाट पाहा. मराठी विकिपीडियावर माणसं कमी आहेत, दोन दिवसांत उत्तर आलं नाही म्हणजे मान्यता मिळाली असं नव्हे. आठवडाभर थांबा, नाहीतर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, एक ओळ टाका. एकदा चर्चा झाली की पुढच्या प्रत्येक वेळी आढाव्यात ‘चर्चा पान पाहा’ एवढंच लिहून भागतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

काही प्रकरणं सामान्य संपादकाने स्वतः सोडवायची नसतात.

उलटवाउलटवी सुरू झाली असेल तर थांबा. इंग्रजी विकिपीडियावर एका लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर तुम्ही बरोबर असलात तरी तुमच्यावर बंदी येऊ शकते. प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्यांना, कळवा. लेख काही काळ अर्धसुरक्षित करणं, म्हणजे नव्या आणि खातं नसलेल्यांना त्यात बदल करू न देणं, त्यांच्या हातात आहे, तुमच्या नाही.

जिवंत माणसाविषयी संदर्भ नसलेला आरोप असेल, म्हणजे एखाद्या विकसकावर, स्ट्रीमरवर किंवा ई-स्पोर्ट्स खेळाडूवर, तर तो मजकूर लगेच काढा आणि प्रचालकांना सांगा. चर्चा पानावर तो पुन्हा लिहू नका. कुणाचा फोन नंबर, पत्ता किंवा अल्पवयीन खेळाडूची ओळख लेखात आली असेल तर उघड चर्चा अजिबात नको. ती आवृत्ती इतिहासातूनही लपवावी लागते. प्रचालकाला ई-मेल करा, आणि स्थानिक प्रचालक मिळत नसेल तर मेटाविकीवरच्या स्ट्युअर्डना, म्हणजे सगळ्या विकिपीडियांवर अधिकार असलेल्या सदस्यांना.

संपादन करणारा कंपनीचा माणूस आहे असं वाटलं तर त्याला पकडायला जाऊ नका. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर करावं, ही विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या वापराच्या अटींतली अट २०१४ पासून आहे. त्या अटीकडे नम्रपणे लक्ष वेधा आणि पुढचं प्रचालकांवर सोडा. त्याची खरी ओळख शोधून जाहीर करणं हा त्याच्या चुकीपेक्षा मोठा गुन्हा ठरतो. कंपनीने स्वतः संपर्क साधून दुरुस्ती मागितली तर तिला चर्चा पानावर संदर्भासह विनंती करायला सांगा. कायदेशीर कारवाईची भाषा आली तर एक शब्दही उत्तर न देता प्रचालकांकडे द्या.

चोरून बाहेर आलेली दृश्यं किंवा खेळाचा कोड यांचे दुवे लेखात असतील तर ते प्रताधिकाराचं प्रकरण आहे. दुवा काढा आणि कळवा.

साच्यातच दोष असेल, म्हणजे एकाच वेळी अनेक खेळांच्या चौकटी बिघडल्या असतील, तर साच्याला हात घालू नका. एका चुकीच्या कंसाने शेकडो पानं मोडतात. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, दोष दाखवून साचे सांभाळणाऱ्या अनुभवी सदस्याला बोलवा.

प्रचालकाला लिहिताना ‘लेखात गोंधळ चालू आहे, बघा’ एवढं पुरत नाही. लेखाचं नाव, वादाचं नेमकं वाक्य, शेवटच्या चांगल्या आवृत्तीचा दुवा, चुकीच्या दोन-तीन संपादनांच्या फरकांचे दुवे आणि चर्चा पानावरच्या विभागाचा दुवा द्या. एवढं समोर असलं की त्याला स्वतः इतिहास उपसावा लागत नाही, आणि निर्णय बहुधा त्याच दिवशी होतो.